बॉल आत टाकणाऱ्याला कोण धरणार? ह्यूस्टनच्या ४.७ सेकंदांचं प्रकरण

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या २०१६ च्या फायनलचा, व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना मॅचच्या शेवटाचा व्हिडिओ मी किती वेळा बघितलाय ते सांगितलं तर घरचे हसतील. पण खरं सांगू का, त्यातल्या व्हिलानोव्हाला जिंकून देणाऱ्या शॉटपेक्षा मला त्याच्या आधीचं एक दृश्य जास्त आवडतं. टाइमआउट संपत आलाय, स्कोअर ७४-७४, घड्याळात ४.७ सेकंद, स्टेडियममध्ये ७४,३४० माणसं आणि त्यातलं बहुतेक कोणीच बसलेलं नाही, आणि व्हिलानोव्हाचा सगळ्यात उंच पोरगा, सहा फूट अकरा इंचांचा डॅनियल ओचेफू, फ्लोअर पुसतोय. मॉप घेऊन. म्हणजे पुसायला माणसं असतात ना तिथे, त्यांच्याकडचा मॉप याने स्वतःच्या हातात घेतलाय आणि मिडकोर्टच्या जवळचा एक तुकडा घासून घासून कोरडा करतोय. नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल, पाच सेकंदसुद्धा उरलेली नाहीत, आणि हा गडी आपल्या अंगणात सडा घालायच्या आधी झाडून घेतात तसा निवांत.

निवांत नव्हता अर्थात. त्याला नक्की माहीत होतं की पुढच्या दोन-तीन सेकंदात त्याला तिथेच उभं राहून स्क्रीन लावायचाय, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचंय, आणि तिथे घाम सांडलेला होता. तिथे कोणाचा पाय घसरला की खेळ खलास.

मी हे प्रकरण नीट लिहून काढायचं बरेच दिवस म्हणतोय कारण शनिवार-रविवारी पोरांना बास्केटबॉल शिकवताना मी याचं उदाहरण दर दोन महिन्यांनी देतो, आणि दर वेळी पोरं म्हणतात की सर, तो नशिबाचा शॉट होता. नव्हता. आणि माझ्या मते तो निव्वळ शॉटसुद्धा नव्हता, तो एक प्रश्न होता जो नॉर्थ कॅरोलिनाने त्या क्षणी चुकीचा सोडवला. बॉल आत टाकणारा माणूस, म्हणजे कोर्टच्या बाहेरून बॉल खेळात आणणारा, तो बॉल टाकून झाल्यावर कोणी धरायचा?

आधी थोडी माहिती, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडा. तारीख ४ एप्रिल २०१६, सोमवार रात्र, ठिकाण ह्यूस्टनचं एनआरजी स्टेडियम, म्हणजे मुळात अमेरिकन फुटबॉलचं मैदान, त्यात मधोमध उंच ओटा बांधून त्यावर कोर्ट. आपल्याकडे तेव्हा मंगळवार सकाळ होती, मी ऑफिसच्या बसमध्ये फोनवर फक्त स्कोअर रिफ्रेश करत होतो, ७४-७४ वर नेट अडकलं आणि परत आलं तेव्हा ७७-७४ आणि फायनल असं लिहिलेलं, मला वाटलं ॲपच गंडलंय. एका बाजूला नॉर्थ कॅरोलिना, पहिल्या सीडची, म्हणजे स्पर्धेत वरचं मानांकन असलेली टीम, कोच रॉय विल्यम्स, ज्यांच्याकडे तोवर २००५ आणि २००९ अशा दोन चॅम्पियनशिप होत्या, आणि प्रेक्षकांत खुद्द मायकेल जॉर्डन, ज्याने १९८२ च्या फायनलमध्ये पहिल्या वर्षाचा पोरगा असताना याच कॉलेजसाठी जॉर्जटाउनविरुद्ध विनिंग शॉट मारला होता. दुसऱ्या बाजूला पेनसिल्व्हेनियाचं व्हिलानोव्हा, सीड दुसरं, कोच जे राइट, कडक सूट घालणारा माणूस. यांची एकच चॅम्पियनशिप, १९८५ ची. आणि डोक्यावर एक शिक्का, की हे लोक सीझनभर चांगले खेळतात आणि मार्चमध्ये, म्हणजे नॅशनल स्पर्धा सुरू झाली की, हातपाय गाळतात, कारण आदल्याच वर्षी पहिलं सीड असून दुसऱ्याच मॅचला नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून (हे वेगळं कॉलेज) हरून घरी गेले होते. २०१६ ला मात्र सेमीफायनलमध्ये ओक्लाहोमाला ९५-५१ असं धुतलं, ४४ पॉइंटने, फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या टप्प्यात, इतक्या फरकाने त्याआधी कोणी जिंकलंच नव्हतं.

आता माणूस. क्रिस जेंकिन्स, सहा फूट सहा इंच, जर्सी नंबर २, जरा जाडसर बांधा, कॉलेजात आला तेव्हा तर चांगलाच जाड होता आणि कोचने वजन उतरवून घेतलं. मूळ साउथ कॅरोलिनाचा, आई स्वतः बास्केटबॉल कोच. शाळेत असताना त्याची ओळख वॉशिंग्टनच्या बाजूच्या एका पोराशी झाली, नेट ब्रिट, आणि पुढे ब्रिट कुटुंबानेच जेंकिन्सला घरी ठेवून घेतलं, कायदेशीर पालक झाले. म्हणजे दोघं भाऊच की. एका घरात राहिलेले, एका शाळेच्या टीममधून खेळलेले. आता गंमत बघा, नेट ब्रिट त्या रात्री कुठे होता? नॉर्थ कॅरोलिनाच्या टीममध्ये. त्यामुळे घरच्यांची काय अवस्था झाली असेल विचार करा, एक पोरगा हरणार हे मॅच सुरू व्हायच्या आधीच नक्की. आपल्याकडे हे कोणी सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू जरा जास्तच झालं.

मॅचचा पहिला भाग भरभर सांगतो. हाफटाइमला कॅरोलिना ३९-३४ ने पुढे. कॅरोलिना ही आत घुसून, उंचीवर खेळणारी टीम, बाहेरून थ्री, म्हणजे लांबचे तीन पॉइंटचे शॉट, मारणं हा त्यांचा धंदा नव्हे, पण त्या रात्री त्यांनी १७ पैकी ११ थ्री टाकले, म्हणजे व्हिलानोव्हाने जे सोडून द्यायचं ठरवलं तेच अंगावर आलं. तरी दुसऱ्या हाफमध्ये व्हिलानोव्हाने मॅच फिरवली, बेंचवरून आलेल्या फिल बूथने २० पॉइंट केले, आणि साधारण साडेपाच मिनिटं असताना ६७-५७ अशी दहाची आघाडी. इथे बऱ्याच लोकांनी टीव्ही बंद केला असणार.

मग मार्कस पेज. कॅरोलिनाचा शेवटच्या वर्षाचा गार्ड, किडकिडीत, डावखुरा, कॉलेजचा लाडका. याच्यावर मी जरा थांबणार आहे कारण याच्यावर अन्याय झालाय असं माझं ठाम मत आहे. दहाची आघाडी वितळत गेली, पेजने एक थ्री टाकला, ब्राइस जॉन्सनने आतून एक, ७०-६९. बूथने दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एकेका पॉइंटचे शॉट, टाकले, ७२-६९. पेजचा ले-अप, म्हणजे बास्केटच्या जवळून मारलेला शॉट, हुकला, त्यानेच उसळून आलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, घेतला, परत टाकला, ७२-७१. साधारण वीसेक सेकंद. कॅरोलिनाने मुद्दाम फाउल केला, जोश हार्टने दोन्ही फ्री थ्रो टाकले, ७४-७१, तेरा सेकंदांच्या आसपास.

इथे प्रकरणातला पहिला खरा निर्णय आहे आणि लोक तो विसरतात. तीनने पुढे आहात, तेरा सेकंद आहेत, बॉल समोरच्यांकडे. मुद्दाम फाउल करायचा का? केला तर त्यांना दोन फ्री थ्रो, दोन्ही टाकले तरी तुम्ही एकने पुढे, थ्रीने बरोबरी करायचा मार्गच बंद. नाही केला तर डिफेन्सवर विश्वास ठेवायचा. कोचिंगमध्ये हा वाद म्हणजे आपल्याकडे पुरणपोळीबरोबर दूध की तूप तसला, मिटणारा नाही. फाउलवाल्यांचं म्हणणं, हिशोब बघा. न करणाऱ्यांचं म्हणणं, फाउल करायला गेला आणि तेवढ्यात पोराने शॉटला हात उचलला तर तीन फ्री थ्रो द्याल, किंवा दुसरा फ्री थ्रो मुद्दाम हुकवून रिबाउंड घेतील. व्हिलानोव्हाने फाउल केला नाही.

आणि पेजने तो शॉट मारला. बॉल मिळाला, उडी मारली, डिफेंडर अंगावर उडत आला, पेजने हवेतच बॉल खाली ओढला, पाय फाकलेले, शरीर वाकडं, डिफेंडर पुढे निघून गेला, आणि खाली येता येता याने डाव्या हाताने बॉल परत वर करून सोडला. गेला. ७४-७४. ४.७ सेकंद. मी कॉलेजात खेळायचो तेव्हा असला शॉट कोणी प्रॅक्टिसमध्ये मारला असता तरी आमच्या सरांनी शिट्टी वाजवून कोर्टला दोन चकरा मारायला लावल्या असत्या, इतका तो चुकीचा आणि इतका सुंदर होता. तिथे मॅच ओव्हरटाइमला जाऊन कॅरोलिना जिंकली असती तर आज हा लेख पेजवर असता.

आता टाइमआउट. नियमाची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण आपल्याकडे खेळणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. आपण खेळतो त्या आंतरराष्ट्रीय नियमांत शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला की बॉल पुढच्या अर्ध्या कोर्टातून आत टाकता येतो, एनबीए या अमेरिकन प्रोफेशनल लीगमध्येही तसंच. अमेरिकन कॉलेजात, पुरुषांच्या खेळात, तेव्हा ती सोय नव्हती. टाइमआउट घ्या नाहीतर नका घेऊ, बॉल तुमच्याच बास्केटखालून, बेसलाइनच्या बाहेरून टाकायचा आणि पूर्ण ९४ फूट पार करायचे. म्हणजे ४.७ सेकंद ऐकायला बरे वाटतात, पण रस्ता मोठा. एक मेहेरबानी, बास्केट झाल्यानंतरचा थ्रो असल्यामुळे टाकणाऱ्याला बेसलाइनवर इकडेतिकडे पळता येतं, आणि घड्याळ बॉलला आत कोणाचा हात लागल्यावरच सुरू होतं.

राइटने टाइमआउटमध्ये फार काही सांगितलं नाही. नंतर सगळ्यांनी तेच सांगितलं, सांगण्यासारखं काही नव्हतंच. ही प्ले, म्हणजे ठरवून बसवलेली चाल, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होती, नावच मुळी 'नोव्हा', प्रॅक्टिसला रोज करायचे, कोणी कुठे उभं राहायचं, बॉल कोणी न्यायचा, स्क्रीन कोणी लावायचा सगळं पाठ. ज्यांना जुनं आठवतंय त्यांनी २००९ चा पिट्सबर्गविरुद्धचा शेवट काढून बघा, साडेपाच सेकंद बाकी, तिथेही बेसलाइनवरून बॉल टाकला आणि स्कॉटी रेनॉल्ड्स अख्खं कोर्ट पळत जाऊन टाकून आला, ७८-७६, फायनल फोरचं तिकीट. माणसं वेगळी, पण बॉल हातात घेऊन पळत सुटायचं धाडस तेच.

२०१६ मध्ये बॉल न्यायचं काम रायन आर्चिडियाकोनोचं, टीममध्ये सगळे आर्च म्हणायचे, शेवटच्या वर्षाचा पॉइंट गार्ड. स्क्रीनचं काम ओचेफूचं, म्हणून तो मॉप. आणि बॉल आत टाकायचं काम जेंकिन्सचं.

हे जेंकिन्सला का दिलं? इथेच सगळी मेख आहे. नाहीतर साधारण टीम काय करते, आपल्याकडे तर हमखास, जो बॉल नीट पास करतो पण शॉट बरा नाही अशाला बाहेर उभं करते, म्हणजे आत चार शूटर मिळतात. व्हिलानोव्हाने उलट केलं, टीममधल्या उत्तम शूटरपैकी एकाला बाहेर ठेवलं. कारण आत उभ्या असलेल्या प्रत्येक शूटरला एक डिफेंडर चिकटणार, पण बाहेरून टाकणारा बॉल टाकल्यानंतर सगळ्यांच्या मागे असतो. त्याच्या पुढे नऊ माणसं पळतायत, सगळ्यांच्या नजरा बॉलवर, आणि तो मागून येतोय. लग्नात पंगत वाढणारा असतो ना, त्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळे ताटाकडे बघतात.

आता सेकंद मोजत बघू. जेंकिन्सने आर्चला बॉल दिला, घड्याळ सुरू. कॅरोलिनाचा जोएल बेरी आर्चच्या अंगाला लागलेला, चांगला डिफेन्स करत होता, उगाच हात मारत नव्हता. मारणार तरी कसा, व्हिलानोव्हाला बोनस मिळालेला, फाउल म्हणजे फ्री थ्रो म्हणजे मॅच गेली. कॅरोलिनाची अडचण समजून घ्या. स्कोअर बरोबरीत असल्यावर बॉलवाल्याला भीती कमी असते, शॉट हुकला तर ओव्हरटाइम, आणखी पाच मिनिटं खेळू. डिफेन्सवाल्याला मात्र दोन्हीकडून फास, ढिला पडला तर शॉट, घट्ट धरला तर फाउल. त्यामुळे हात मऊ होतात. बेरीचे हात अगदी योग्य तेवढे मऊ होते, मला त्याची चूक वाटत नाही.

आर्च पळत मिडकोर्टपर्यंत आला, पुसलेल्या जागेवर ओचेफू उभा, बेरीला स्क्रीनला वळसा घालावा लागला, एक पाऊल मागे पडला. आणि आता जेंकिन्सला ज्याने धरायचं होतं तो आयझाया हिक्स, मागे मागे सरकत येत असताना त्याला समोर काय दिसलं असेल? कॉलेजचा सगळ्यात अनुभवी गार्ड पूर्ण वेगात आपल्या बास्केटकडे येतोय आणि त्याच्या अंगावरचा डिफेंडर एक पाऊल मागे. तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं असतं जे हिक्सने केलं, बॉलकडे सरकलो असतो. एक-दीड पाऊल, जास्त नाही. मदत करायला. लहानपणापासून डिफेन्स म्हणजे मदत असंच शिकवतात सगळ्यांना.

आणि त्या दीड पावलाच्या मागून जेंकिन्स येत होता, ओरडत होता, आर्च, आर्च, आर्च. आर्चने नंतर सांगितलं की त्याला ओरडणं ऐकू आलं. पंच्याहत्तर हजारांच्या गोंगाटात! जेंकिन्सने धावताना एकच काम नीट केलं, आर्चच्या नजरेच्या रस्त्यात आला, मागे मागे अंधारात नाही राहिला. आर्चने वळून बघितलं आणि बॉल खालून, उलट्या हाताने वाटी पुढे सरकवावी तसा हलकेच त्याच्याकडे दिला. छातीवर जोरात मारलेला पास नव्हता तो, असा पास की घेणाऱ्याला फक्त हात लावून वर न्यायचा. बारीक वाटेल पण हे फार मोठं आहे, कारण जेंकिन्स पळत होता आणि पळताना जोरात आलेला पास सांभाळायला जो अर्धा सेकंद लागतो तो घड्याळात नव्हताच.

आर्चचं कौतुक इथेच करतो. शेवटचं वर्ष, कॉलेजची शेवटची मॅच, बॉल हातात, प्लेमध्ये त्याला स्वतः शॉट मारायची पूर्ण परवानगी, अख्खं बालपण याच एका शॉटची स्वप्नं बघण्यात गेलं असणार, आणि याने पास दिला. त्याला फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं, १६ पॉइंट होते त्याचे, पण मला वाटतं ते बक्षीस त्या एका पासला द्यायला हवं होतं.

जेंकिन्सने पळतापळताच बॉल घेतला, एक पाय, दुसरा पाय, वर. थ्री-पॉइंट लाइनच्या चांगला मागे. हिक्सला चूक कळली होती, तो उलटा फिरून हात वर करून आला, पूर्ण लांब होऊन, पण ते दीड पाऊल परत मिळत नाही. बॉल सुटला तेव्हा घड्याळात अर्धा सेकंद वगैरे असेल, बॉल हवेत असताना बोर्डाभोवतीचा लाल दिवा लागला, आणि बॉल रिंगला न लागता जाळीतून खाली.

व्हिडिओत याच वेळी जे राइटकडे बघा. बॉल हवेत आहे, हा माणूस हातांची घडी घातल्यासारखा शांत उभा, ओठ हलतात, एकच शब्द, 'बँग'. बॉल जातो. मागे सगळं वेड लागल्यासारखं झालंय, आणि हा वळून रॉय विल्यम्सशी हात मिळवायला चालायला लागतो, जणू दुधाची पिशवी घेऊन घरी निघालाय. त्याच्या डोक्यात म्हणे हेच होतं की घड्याळात काही वेळ शिल्लक राहिला का. रंगीत कागद वरून पडायला पण लागले होते आणि रेफ्री टीव्हीवर रिप्ले बघत होते की बॉल वेळेत सुटला का. सुटला होता. ७७-७४. पुरुषांच्या फायनलमध्ये बझरला, म्हणजे वेळ संपता संपता, थ्री मारून चॅम्पियनशिप जिंकणारी ही पहिलीच वेळ, आणि बझरला कसंही जिंकायचं म्हटलं तर त्याआधीचं १९८३ चं लॉरेन्झो चार्ल्सचं डंक, नॉर्थ कॅरोलिना स्टेटसाठी. महिलांमध्ये मात्र हे आधीच होऊन गेलं होतं, १९९४ ला ०.७ सेकंद असताना शार्लट स्मिथने थ्री टाकून लुईझियाना टेकला हरवलं होतं, आणि ती कुठल्या कॉलेजची होती? नॉर्थ कॅरोलिनाचीच.

मग चूक कोणाची? नेटवर बरेच जण सरळ हिक्सवर ढकलून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मी हे प्रकरण नेहमी १९९२ च्या ड्यूक आणि केंटकी या कॉलेजांच्या मॅचशेजारी ठेवतो, कारण मला दोन्हीत एकच भोक दिसतं. तिथे २.१ सेकंद होते, केंटकी एकने पुढे, आणि केंटकीचा कोच रिक पिटिनो याने ठरवलं की बॉल आत टाकणाऱ्या ड्यूकच्या ग्रँट हिलसमोर कोणी उभंच करायचं नाही, तो माणूस मागे आणून ख्रिश्चन लेटनरभोवती दोघं ठेवायचे. हिलला समोर हात हलवणारं कोणी नाही, त्याने आरामात कोर्टाच्या जवळपास तीन चतुर्थांश लांबीचा पास फेकला, लेटनरने घेतला, एक ड्रिबल, वळला, टाकला, १०४-१०३. केंटकीने टाकणाऱ्याला बॉल टाकायच्या आधी सोडलं. कॅरोलिनाने बॉल टाकल्यानंतर सोडलं. दोन्हीकडे समजूत एकच, की बाहेर उभा असलेला माणूस हा खेळाडू नाही, तो नुसता पोस्टमन आहे. आणि योगायोग म्हणजे २०१६ च्या त्या रात्री टीव्हीवर जिम नॅन्ट्झ आणि बिल राफ्टरीच्या बाजूला कॉमेंट्रीला बसलेला तिसरा माणूस कोण, तर ग्रँट हिल.

म्हणून मी पोरांना जे करायला लावतो ते असं. शेवटच्या थ्रो-इनला ज्याच्याकडे टाकणारा माणूस आहे त्याने बॉलकडे पाठ केली तरी चालेल, मदत करायची नाही, समोरचा गार्ड ले-अप मारून गेला तरी चालेल पण हा सोडायचा नाही. पोरांना हे अजिबात आवडत नाही. दोन पॉइंट खाल्लेले दिसतात ना. आणि खरं तर हे पण पूर्ण बरोबर नाहीये, आर्च सरळ आत घुसला असता तर हिक्सने मदत का नाही केली म्हणून त्यालाच शिव्या पडल्या असत्या. पण आर्च मिडकोर्टच्या पुढे आला तेव्हा इतका वेळच नव्हता की तो बेरीला झटकून रिंगपर्यंत जाईल, दोन सेकंदांच्या आत त्याला लांबूनच काहीतरी फेकायला लागलं असतं, पळतापळता, डिफेंडर कडेला. तो वाईट शॉट होता आणि वाईट शॉट द्यायला हवा होता. हे मी खुर्चीत बसून दहा वेळा पॉज करून सांगतोय हेही खरं.

आक्रमणाच्या बाजूने मात्र माझा शिकवण्याचा अर्धा धडा याच क्लिपवर आहे, कारण आमच्या सिमेंटच्या कोर्टवर मी रोज बघतो, पोरगं बॉल आत टाकतं आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभं राहतं, काम झालं! मग मी क्लिप लावतो आणि सांगतो बॉलकडे बघू नका, फक्त दोन नंबरकडे बघा. पहिल्यांदा बघताना त्यांना तो दिसतच नाही, बॉल अर्ध्या कोर्टात जाईपर्यंत तो कॅमेऱ्याच्या कडेला असतो.

नंतरचं थोडक्यात. जेंकिन्स पुढच्या वर्षी परत खेळला, व्हिलानोव्हा स्पर्धेत सगळ्यात वरचं सीड होतं आणि विस्कॉन्सिनकडून ६५-६२ ने दुसऱ्याच मॅचला बाहेर, परत तोच जुना शिक्का. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कोणी घेतलं नाही. त्याच टीममधले जोश हार्ट, जेलन ब्रन्सन, मिकाल ब्रिजेस मात्र एनबीएत चमकले, न्यूयॉर्क निक्सने तर नंतर तिघांना एकत्र आणलं. राइटने २०१८ ला अजून एक चॅम्पियनशिप घेतली, २०२२ ला रिटायर झाला. जेंकिन्सच्या शॉटची क्लिप मात्र दर मार्चमध्ये टीव्हीवर फिरते, आणि २०१६ ला नियम असा की कॉलेजच्या खेळाडूने स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर एक पैसा कमवायचा नाही, तो नियम २०२१ च्या जुलैत बदलला. २०२५ मध्ये जेंकिन्सने कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएविरुद्ध कोर्टात दावा लावला की माझा शॉट तुम्ही इतकी वर्षं वापरताय, माझा वाटा कुठे. मला विचाराल तर बरोबर केलं त्याने.

आणि कॅरोलिना. त्या पोरांनी पुढच्या सीझनसाठी आपल्या ग्रुप चॅटचं नावच ठेवलं रिडेम्प्शन, म्हणजे उट्टं फेडायचं, आणि २०१७ ला फिनिक्सजवळच्या ग्लेनडेलमध्ये गॉन्झागाला ७१-६५ ने हरवून फायनल जिंकले. नेट ब्रिटला पण रिंग, म्हणजे चॅम्पियनची अंगठी, मिळाली, दोन भावांच्या घरात लागोपाठ दोन वर्षं. त्या फायनलमध्ये अर्धं मिनिटसुद्धा नव्हतं, कॅरोलिना एकने पुढे, तेव्हा दोन डिफेंडरच्या मध्ये अंग घालून वाकडा तिकडा शॉट टाकून आघाडी तीनवर कोणी नेली माहितीये? आयझाया हिक्सने. मार्कस पेज तोवर पास होऊन गेलेला. त्याच्याकडे रिंग नाही. २०२३ ला तो कॅरोलिनाच्याच कोचिंग स्टाफमध्ये परत आला, आणि २०१६ च्या हायलाइट्समध्ये त्याचा तो हवेतला शॉट अजून दाखवतात, साधारण दोन सेकंद, जेंकिन्सच्या आधी.